दहावीतल्या मुलीची गणिताची वही आणि माझ्यापुढचे तीन प्रश्न

दुधनाकाठ

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. बावीस वर्षं झाली. इथे आजवर वाचतच आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

जुलैमध्ये एका ऑफ तासाला फळ्यावर गणितज्ञ कापरेकरांचा ६१७४ हा आकडा घेतला होता. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला (तीनच अंक आले तर पुढे शून्य धरून) पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो. मुलांनी आपापली जन्मसालं घेतली. मी १९४८ घेतलं, आपल्या मुक्तिसंग्रामाचं साल. ९८४१ − १४८९ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. दोनच पावलांत. वर्ग खूश, तास संपला, मी विसरले.

दहावीतली एक मुलगी विसरली नाही. वडिलांची साडेतीन एकर कोरडवाहू जमीन, सोयाबीन आणि तूर. पोळ्यानंतर ती दोनशे पानी वही घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिने तीन अंकी संख्या घेतल्या होत्या. तिथे ४९५ येतो हे मला माहीत होतं. तिने त्यापुढे लिहिलं होतं की वजाबाकी केल्यावर मधला अंक दर वेळी ९ येतो आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९ येते. आणि खाली प्रश्न: "नऊच का? आपण दहादहाचे गट करतो म्हणून का?"

तिचे आजोबा निजामाच्या काळातल्या हाली रुपयाच्या गोष्टी सांगतात. सोळा आण्यांचा रुपया. त्यावरून तिला वाटलं, दहाऐवजी सोळाचे गट केले तर? आठाचे केले तर? पाचाचे? शाळेत द्विमान पद्धती ओझरती झाली होती, तेवढ्या आधारावर तिने २ पासून १६ पर्यंत प्रत्येक पायात, म्हणजे तेवढ्यातेवढ्यांचे गट करून, हाताने वजाबाक्या केल्या. जवळजवळ सगळी वही भरली. शेवटच्या पानावर चौकटीत लिहिलंय: "पाया सम असेल तर तीन अंकी संख्या एकाच ठिकाणी थांबते. विषम असेल तर दोन संख्यांमध्ये हेलकावे खाते."

पाया ८ मध्ये ३७४ वर थांबते. पाया ५ मध्ये २४२ वरून १४३ आणि १४३ वरून परत २४२. मी रात्री बसून पडताळलं, बरोबर आहे. मंडळी, बावीस वर्षांत मी उत्तरं तपासली. एखाद्या लेकराने स्वतः प्रश्न तयार करून आणलेला पहिल्यांदा पाहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझे प्रश्न.

एक. नेटवर शोधलं तर हे आधीच कुणीतरी सिद्ध केलेलं दिसतंय. तिला सांगू का? तिचा उत्साह मोडेल अशी भीती वाटते.

दोन. तिच्या चुलतभावाने वहीचे फोटो कुठेतरी टाकले. लगेच एकाचा फोन आला. पैसे भरा, आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये पेपर छापतो, 'बालसंशोधक' प्रमाणपत्र देतो. वडील उधारीवर पैसे काढायच्या तयारीत आहेत.

तीन. अकरावीला तिला लातूरला ठेवायचं घरी ठरलंय. डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेसाठी. गणित सोडून फक्त बायो. मी काय बोलावं?

मांजराकाठ

मॅडम, तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो मी जगलोय. माझी थोरली लातूरलाच शिकली, आता एमबीबीएसला आहे. त्या बापाला चूक म्हणू नका. आपल्याकडे दोन पावसांत एक पाऊस दगा देतो. डॉक्टर झालेली पोरगी म्हणजे घराला टेकू, हे त्याने चार घरांत पाहिलंय. गणित शिकून काय होतं, हे त्याने एकाही घरात पाहिलं नाही. त्याला न दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेव म्हणणं सोपं नाही.

पण एक करा. अकरावीला मॅथ आणि बायो दोन्ही ठेवायला लावा. लातूर-नांदेडला शेकडो लेकरं दोन्ही घेऊन शिकायलेत. ओझं वाढतं, खरंय. पण मॅथ सुटलं की काही दारं कायमची लागतात. बायो ठेवून मॅथही ठेवलं तर बापाचाही शब्द राहतो आणि पोरीचंही दार उघडं राहतं. मी स्वतः बोलायला तयार आहे त्यांच्याशी. बापाचं बापाला लवकर पटतं.

हिंगोलीची_लेक

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या, आजच द्या. पैसे भरू नका. एक रुपयाही नाही.

मी आता पुण्यात नोकरी करते. एम.एस्सी.ला असताना माझ्या मार्गदर्शकांनीच असा एक पेपर छापून घ्यायला लावला होता. माझ्या शिष्यवृत्तीतून पैसे गेले. चार दिवसांत 'स्वीकारला' म्हणून मेल आली. कुणी वाचलाच नव्हता. त्यात एका समीकरणात चिन्ह उलटं होतं, ती चूक तशीच छापली गेली आणि आज माझ्या नावावर आहे. गणिताच्या खऱ्या नियतकालिकात लेख पाठवला की कुणीतरी तो ओळ न ओळ वाचतं, महिने लावतं, प्रश्न विचारतं. ते वाचणंच मोलाचं असतं. पैसे मागणारा ते वाचणंच गाळतो.

शाळकरी मुलांचं काम जिथे मानाने छापलं जातं अशा जागा आहेत. अझीम प्रेमजी विद्यापीठाचं 'अ‍ॅट राइट अँगल्स' हे शालेय गणिताचं नियतकालिक नेटवर फुकट मिळतं. त्यात मुलांचे शोध, शिक्षकांचे लेख असतात. आधी तिला ते वाचायला द्या. छापायचं नंतर बघू.

कन्नडकर

मॅडम, दहावीची परीक्षा झाली की वर्गाला पाटणादेवीला न्या. आमचा घाट उतरून चाळीसगावकडे गेलं की आलंच. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, त्याचा शिलालेख देवळात आहे. देवगिरीच्या यादवांच्या काळातला. आठशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात गणित शिकायला वेगळी जागा नेमून दिली होती, हे त्या पोरीने हात लावून पाहावं असं मला फार वाटतं.

अर्धवर्तुळ

संभाजीनगरला महाविद्यालयात गणित शिकवतो. धागा दोनदा वाचला.

पहिल्या प्रश्नाबद्दल. तिला सांगा. आणि नीट सांगा, 'हे झालेलं आहे' एवढंच म्हणून सोडू नका. तीन अंकी संख्यांचा हा प्रश्न सगळ्या पायांसाठी सोडवणारा निबंध १९८८ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये आला होता. म्हणजे परभणीतल्या एका मुलीने वहीवर जो प्रश्न स्वतःला विचारला, तोच प्रश्न मोठ्या माणसांना निबंध लिहिण्याइतका मोलाचा वाटला होता. तिची प्रश्न निवडण्याची नजर बरोबर आहे, एवढाच याचा अर्थ. संशोधनात उत्तरापेक्षा ही नजर दुर्मिळ असते. माझ्याकडे पीएच.डी.ला येणाऱ्या कितीजणांकडे ती नसते.

आणि ज्यांच्यापासून हे सुरू झालं ते स्वतः कोण होते? दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, डहाणूला १९०५ साली जन्म. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. कुठलीही संशोधन संस्था पाठीशी नव्हती. इथल्या कित्येक गणितज्ञांना ते काम किरकोळ वाटलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिलं तेव्हा जगाला त्यांचं नाव कळलं. शाळेच्या फळ्यावरून निघालेलं गणित आहे हे, आणि ते पुन्हा शाळेच्या फळ्यावरूनच एका मुलीपर्यंत पोचलं. त्यात तुमचाही वाटा आहे, मॅडम.

आता कामाचं. वहीत तिने २ ते १६ पाये तपासलेत. सतराचं काय? एक हजार एकचं काय? पंधरा उदाहरणं म्हणजे सिद्धता नाही. तिला एवढंच विचारा: "सगळ्या पायांसाठी एकदम कसं सांगशील?" इशारा हवा असेल तर असा द्या: संख्या पाहू नकोस, सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक पाहा. यापुढे एक अक्षरही सांगू नका. मोह होईल, आवरा.

बीड_नवोदय_१२वी

मी बारावीत आहे. नवोदयच्या हॉस्टेलवरून लिहितोय, रविवारीच फोन मिळतो म्हणून उशीर झाला.

मॅडम, तिला सांगा की ती एकटी नाही. आठवीत मी मूळ संख्यांच्या मागे लागलो होतो. वर्गातली पोरं म्हणायची, परीक्षेत येत नाही ते कशाला करायलास? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, अजूनही नाही. करावं वाटतं म्हणून करतो.

दोन गोष्टी सांगतो, मला कुणी सांगितल्या नव्हत्या. पूर्णांकांच्या क्रमिकांचा एक ऑनलाइन कोश आहे, ओईआयएस. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये तो जमवायला सुरुवात केली. आपल्याला सापडलेल्या चार-पाच संख्या त्यात टाकल्या की हा क्रम आधी कुणाला दिसला होता का ते कळतं. कापरेकर संख्याही त्यात आहेत. दुसरं, मोबाइलवर पायथन ही संगणकाची भाषा चालते. हाताने जे तिने दोन महिन्यांत केलं ते दहा ओळींत होतं. पण तिने आधी हाताने केलं हे फार चांगलं झालं. मी आधी कोड लिहायचो, मला नुसते आकडे दिसायचे. हाताने करताना 'मधला अंक नेहमी ९' असं काहीतरी डोळ्यांत भरतं.

ऑलिंपियाडबद्दल पण सांगा तिला. आठवी ते बारावीची मुलं पहिली परीक्षा, आयओक्यूएम, देऊ शकतात. तीन तासांत तीस प्रश्न. त्यातून आरएमओ ही प्रादेशिक परीक्षा, मग आयएनएमओ ही राष्ट्रीय परीक्षा, मग प्रशिक्षण शिबिर आणि शेवटी सहा जणांचा भारताचा संघ.

दुधनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बीडच्या लेकरा, तुझा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. 'करावं वाटतं म्हणून करतो' यावर ती पहिल्यांदा हसली.

आयओक्यूएम तिने यंदा दिली होती. केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात होतं, पहाटेच्या एसटीने वडील घेऊन गेले. गुण कमी पडले. तेव्हापासून घरात 'गणितात तेवढी हुशार नाही' असं वाक्य आलंय, आणि तिलाही ते खरं वाटायला लागलंय. याबद्दल कुणी अनुभवाचं बोलेल का?

सांख्यिक

मी बोलतो. मूळ नांदेडचा. बंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.मॅथ. केलं, आता संशोधन करतो. मी तीनदा ऑलिंपियाडला बसलो आणि तिन्ही वेळा आरएमओच्या पुढे गेलो नाही. आजही तीन तासांत सहा प्रश्न सोडवायला बसवलं तर मला दोन-तीनच येतील. पण गेलं दीड वर्ष मी एकाच प्रश्नावर आहे, आणि त्या प्रश्नाबरोबर राहणं मला जमतं.

ऑलिंपियाडचे प्रश्न कुणीतरी रचलेले असतात. उत्तर आहे हे माहीत असतं, ते वेळेत गाठायचं असतं. ती धाव सुंदर आहे, ज्याला जमते त्याने जरूर धावावी. पण वहीत या मुलीने जे केलंय त्याची जात वेगळी आहे. उत्तर आहे की नाही हेच माहीत नसताना ती दोन महिने वजाबाक्या करत राहिली. मला त्या वयात हे जमलं नसतं. दोन्ही गुण एका माणसात असू शकतात, नसूही शकतात. एक नाही म्हणून दुसरा खोटा ठरत नाही, हे तिच्या घरी माझं नाव सांगून सांगा.

शाळेत असताना खरं संशोधन होतं का, असं वडील विचारतील. होतं. २०२१ मध्ये डॅनियल लार्सन या अमेरिकेतल्या शाळकरी मुलाने कारमायकेल संख्यांबद्दलचा (मूळ नसून काही चाचण्यांत मूळ संख्यांसारख्या वागणाऱ्या संख्या) एक जुना प्रश्न सोडवला. २०२२-२३ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या कॅल्सिया जॉन्सन आणि नेकिया जॅक्सन या दोन शाळकरी मुलींनी पायथागोरसच्या सिद्धांताच्या त्रिकोणमितीतून सिद्धता दिल्या, त्यांचा निबंध २०२४ मध्ये त्याच मंथलीत छापून आला. आपली नववी-दहावीची भूमिती ज्याभोवती फिरते तोच सिद्धांत. पण ही नावं तिच्या डोक्यावर ओझं म्हणून ठेवू नका. लार्सनचे आईवडील दोघेही गणिताचे प्राध्यापक आहेत. आपल्या पोरीला पहिला वाचक मिळायलाच दहावी उजाडली.

रस्त्याबद्दल. बारावीनंतर बंगळुरूला बी.मॅथ., कोलकात्याला बी.स्टॅट., चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटला बी.एस्सी., नाहीतर पुण्याचं आयसर. पहिल्या तिन्हींच्या प्रवेश परीक्षेत गणितच असतं आणि सिद्धता लिहायला लावतात. घोकून होत नाही. माझ्या वेळी आमच्या संस्थेत शिकवणी शुल्क नव्हतं आणि दर महिन्याला विद्यावेतन मिळायचं. माझे वडील मोंढ्यात हमाली करायचे. पहिल्या विद्यावेतनातून मी त्यांना चष्मा घेतला. हे तिच्या वडिलांना नक्की सांगा, कारण 'गणित शिकणं म्हणजे श्रीमंतांचा नाद' असं माझ्याही घरी वाटत होतं.

मांजराकाठ काकांशी सहमत. काहीही होवो, मॅथ सोडू देऊ नका.

हिंगोलीची_लेक

सांख्यिक, चष्म्याचं वाचून डोळे भरले.

मॅडम, माझा एक जुना लॅपटॉप आहे, नीट चालतो. दिवाळीला गावी येतेय, येताना परभणीत देऊन जाईन. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

दुधनाकाठ

बरेच दिवस गेले, सोयाबीनची काढणी आणि सहामाही एकत्रच आली होती. आता सविस्तर लिहिते.

अर्धवर्तुळ सर, तुमचा प्रश्न तिला जसाच्या तसा विचारला. पहिले आठ दिवस काही नाही. मोह खरंच झाला, आवरला. नवव्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच व्हरांड्यात गाठलं तिने मला.

तिची सिद्धता अशी आहे. पाया कितीही असो, त्याला 'प' म्हणू. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक 'फ'. वजाबाकी केली की उत्तराचे अंक येतात फ − १, प − १ आणि प − फ. मधला अंक कुठल्याही संख्येच्या अंकांवर अवलंबूनच नाही! म्हणून दहात तो नेहमी ९. आता या तीन अंकांमधला नवा फरक काढायचा. मोठा अंक मधलाच, लहान अंक कडेच्या दोघांतला एक. त्यावरून दोनच शक्यता उरतात. फ मोठा असेल, म्हणजे प + १ च्या निम्म्याहून जास्त, तर नवा फरक फ − १. तसा नसेल तर नवा फरक प − फ.

तिने याला 'जिन्याचा नियम' असं नाव दिलंय. मोठा फरक एकेक पायरी खाली उतरतो. लहान फरक एकदाच उडी मारून वर जातो आणि मग तोही उतरायला लागतो. पाया सम असेल तर जिन्याच्या बरोबर मध्ये एक पायरी असते, प च्या निम्मी, तिथे उतरणारा थांबतो. पाया विषम असेल तर मध्ये पायरीच नाही, मधोमध दोन पायऱ्यांच्या बरोबर मधली फट येते. म्हणून फरक त्या दोन पायऱ्यांवर खालीवर होत राहतो. दहाच्या पायात मधली पायरी ५, म्हणून अंक ४, ९, ५. आजोबांच्या सोळा आण्यांत मधली पायरी ८, म्हणून अंक ७, १५, ८.

मी फळ्यासमोर उभी राहून तिचं ऐकत होते, आणि घंटा झाली तरी आम्ही दोघी हललो नाही.

मग सांगितलं, की हे १९८८ मध्ये झालंय. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "त्यांनी पण जिनाच वापरला का?" मी म्हटलं, मला माहीत नाही, सरांना विचारते. ती म्हणाली, "नका विचारू. मी मोठी झाले की वाचीन."

फोनवाल्याला वडिलांनी स्वतः नाही म्हणून सांगितलं. हिंगोलीच्या ताईंचा अनुभव त्यांना वाचून दाखवला होता. म्हणाले, "चूक तशीच छापली, म्हणजे न बघता बी विकलं."

मांजराकाठ दादा त्यांच्याशी अर्धा तास बोलले. लातूर अजून ठरलेलंच आहे, पण मॅथ आणि बायो दोन्ही घेऊन. पुढचं पुढे. मला हे थोडं वाटत नाही.

अर्धवर्तुळ

मॅडम, सिद्धता पूर्ण आहे. फक्त एक ओळ घालायला सांगा: तिन्ही अंक सारखे असतील तर फ शून्य होतो, तो प्रकार सुरुवातीलाच बाजूला काढल्याचं तिने लिहिलं पाहिजे. बाकी एकही फट मला सापडली नाही. 'जिना' हा शब्द मी उद्यापासून माझ्या वर्गात वापरणार आहे, तिचं नाव घेऊन.

आता तिला चार अंकींकडे वळवा. तिथे दोन फरक एकाच वेळी बदलतात आणि जिना इतका सरळ राहत नाही. तोही प्रश्न हासे आणि प्रिचेट यांनी १९७८ मध्ये हाताळलाय, पण तिला आत्ता सांगू नका. आणि एखाद्या शनिवारी तिला इकडे आणा. विभागाच्या ग्रंथालयात बसू द्या दिवसभर. येण्याजाण्याचा खर्च माझा.

दुधनाकाठ

सर, तुम्ही लिहायच्या आधीच ती चार अंकींवर गेली होती. पाया ४ मध्ये तिला ३०२१ सापडला, तो तिथेच थांबतो. पाया ५ मध्ये ३०३२. पाया ६ मध्ये तिने सगळ्या शक्यता करून पाहिल्या, स्वतःपाशी थांबणारी एकही संख्या मिळत नाही. मीही दोन रात्री बसून तपासलं, मलाही मिळाली नाही. चारला आहे, पाचला आहे, दहाला आहे, मग सहाला का नाही, यावर काल वर्ग सुटल्यावर आम्ही पाऊण तास बोललो आणि तिची शेवटची बस चुकली. वडील मोटारसायकलवर घ्यायला आले. रागावतील असं वाटलं होतं. ते दारात उभे राहून ऐकत होते, कधीपासून ते आम्हाला कळलंच नाही.

पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय आम्ही तिघं. तिने एक निरोप द्यायला सांगितलाय: सरांना सहाचं उत्तर माहीत असेल, पण मी विचारलं तरी सांगू नका म्हणावं.